आयआर करावं का? फोंड्याच्या ताईंना उत्तर

पत्र असं आहे:

"सर, नमस्कार. मी गोव्यात फोंड्याला दातांचा दवाखाना चालवते, वय ३७. दोन वर्षांपूर्वी घाटापलीकडच्या एका क्लबात खासगी वैमानिकाचा परवाना काढला. महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी भाड्याचं सेसना १७२ घेऊन उडते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बेळगावच्या बाजूने निघून किनाऱ्यापर्यंत यायचं आणि परत जायचं असा बेत होता. निघताना आकाश बरं होतं. चोर्ला घाटाच्या अलीकडे समोर ढगांची भिंत उभी राहिली, खालचं रानही दिसेनासं व्हायला लागलं. मी वळले आणि परत आले. क्लबात एक जण म्हणाला, 'आयआर असतं तर सरळ आत शिरली असतीस.' ते मनाला फार लागलं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग करायचं डोक्यात घेतलंय. नवरा म्हणतो, तुला एअरलाइनमध्ये जायचं नाही, मग इतका खर्च कशाला? मैत्रीण म्हणते, टॅब्लेटवर सगळं दिसतं, ऑटोपायलट असतो, आता कोण शिकतं हे? खरंच करू का? आणि करायचं तर कसं?"

ताई,

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. आयआर, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडायची जादा पात्रता, जरूर मिळवा. पण त्या माणसाच्या बोलण्यावरून करू नका, आणि ते टिकवायला दरवर्षी किती वेळ आणि किती पैसे लागतील याचा हिशोब नवऱ्यासोबत बसून मांडल्याशिवायही करू नका. हिशोब जमला नाही तर दुसरा एक मार्ग आहे. तोही सांगतो, आणि तो कमी प्रतीचा आहे असं मी मुळीच मानत नाही.

त्या दुपारी वळलात ते अगदी योग्य केलंत. तुम्ही व्हीएफआरवर होता, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उडत होता. आपल्याकडे त्यासाठी दृश्यता किमान ५ किलोमीटर लागते, ढगापासून आडवं अंतर १५०० मीटर आणि वर-खाली ३०० मीटर राखावं लागतं. समोर भिंत उभी दिसली तेव्हाच ही अंतरं संपत आली होती. घाटात वळायची जागा फार लवकर संपते. दोन्ही बाजूंना डोंगर, खाली म्हादईचं रान, आणि मागची वाट ढग कधी बंद करेल याचा भरवसा नाही. जागा शिल्लक असताना तुम्ही वळलात. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी ज्यांना मी सर्वांत निर्धास्तपणे एकटं सोडलं, ते असे वेळेवर वळणारेच होते.

क्लबातल्या त्या माणसाचं म्हणणं सपशेल चूक आहे, आणि ते तुमच्या मनात रुतून बसलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयआर असलेला वैमानिक वाटेत ढग आला म्हणून त्यात शिरत नाही. तो जमिनीवर असतानाच आयएफआर, म्हणजे उपकरणांवर उडायच्या नियमांखालचा, फ्लाइट प्लॅन भरतो, एअर डिफेन्स क्लिअरन्स (हवाई संरक्षण यंत्रणेची परवानगी) घेतो, नियंत्रकाकडून मार्ग आणि उंची ठरवून घेतो, आणि ढग लागायच्या कितीतरी आधी त्या उंचीवर पोचलेला असतो. डोंगराळ भागात ही उंची मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या ८ किलोमीटरमधल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या निदान २००० फूट वर हवी. आपल्या बाजूच्या सह्याद्रीचे माथे हजार मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे साधारण साडेपाच हजार फुटांच्या खाली तिथे ढगात असणं म्हणजे डोंगराशी गाठ. तुम्ही त्या दिवशी रान बघत, त्याहून खाली उडत होता. त्या उंचीवरून, त्या क्षणी, कितीही अनुभवी आयआर वैमानिक असता तरी त्याने तुम्ही केलं तेच करायला हवं होतं.

दुसरं म्हणजे तो ढग कुठला होता, ते बघा. सप्टेंबरचा शेवट, म्हणजे हस्ताचे दिवस. आपल्या गावात कोणीही म्हातारं माणूस सांगेल, हस्ताचा पाऊस गडगडत येतो. जून-जुलैचा मोसमी पाऊस बराचसा पसरट, थरांच्या ढगांतून पडतो. मोसमाच्या परतीला मात्र जमीन दुपारपर्यंत तापते, समुद्रावरची ओलसर हवा घाटाला धडकून वर चढते आणि तीन-चार वाजेपर्यंत क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढग, उभा राहतो. एप्रिल-मेमध्येही तेच. आपल्याकडे छोट्या विमानाला बर्फ जमण्याची भीती पावसाळ्यात फारशी नाही, कारण शून्य अंशाची पातळी पंधरा हजार फुटांच्या वर असते आणि तुमचं विमान तिथवर जातच नाही. पण गडगडाटी ढगाच्या पोटात हवेचे उभे झोत असे असतात की मोठी प्रवासी विमानंसुद्धा रडारवर बघून लांबून वळसा घालतात. सेसना १७२ वर रडार नाही. ढगांच्या थरात लपलेला असा एखादा उभा ढग आतून दिसतही नाही. आयआरच्या परवान्यावर त्यात शिरायची मुभा कुठेही लिहिलेली नसते.

मग आयआर कशासाठी? माझ्या मते याचं उत्तर तुमच्या कानात आहे. तुम्ही दंतवैद्य, तेव्हा अंतर्कर्णाची रचना मला तुम्हांला समजवायला नको. अर्धवर्तुळाकार नलिकांतलं द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतं, पण वळण एकसारखं चालू राहिलं तर साधारण वीस सेकंदांत ते द्रव नलिकेच्या वेगाने फिरायला लागतं आणि 'मी वळते आहे' ही जाणीव विरून जाते. विमान कललेलं असतं, शरीर म्हणतं सरळ आहे. मग वैमानिक पंख खरोखर सरळ करतो तेव्हा शरीर ओरडून सांगतं की तू उलट्या बाजूला कलंडलास. तो पुन्हा पहिल्या बाजूला झुकतो. विमानाचं नाक खाली जातं, वेग वाढतो, उंची घटते. तो स्टिक मागे ओढतो, आणि कललेल्या विमानात मागे ओढणं म्हणजे गिरकी आणखी घट्ट करणं. इंग्रजीत या गिरकीला स्मशानाचं नाव आहे. बाहेर क्षितिज दिसत असेपर्यंत डोळे कानाला दुरुस्त करत राहतात. क्षितिज गेलं की कान एकटा उरतो, आणि तो पूर्ण खात्रीने खोटं सांगतो. हे कोणाच्या धैर्याचं किंवा हुशारीचं काम नाही. तुमचं, माझं, सगळ्यांचं शरीर असंच घडलेलं आहे.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने यावर एक प्रयोग केला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेले २० जण घेतले, बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात प्रशिक्षकासोबत बसवले आणि त्यांना बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था केली. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. हा आकडा प्रत्येक फ्लाइंग क्लबात ऐकवला जातो. त्या प्रयोगाचा खरा हेतू मात्र क्वचितच कोणी सांगतं. अशा वैमानिकांना ढगात चुकून सापडल्यावर उपकरणांकडे बघत अर्धं वळण घेऊन आल्या वाटेने बाहेर पडायची एक साधी रीत शिकवता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. शिकवली, आणि थोड्या तासांच्या सरावानंतर त्याच लोकांना ती जमली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समुद्राचंही सांगतो, कारण गोव्याच्या वैमानिकाला ढगाइतकाच धोका त्याचा आहे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर धुरकट हवा असते. पाणी आणि आकाश एका रंगाचं होतं आणि क्षितिजाची रेघ पुसली जाते. एकही ढग नसताना तुम्ही आंधळ्या होऊ शकता. १६ जुलै १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आपली पत्नी आणि मेहुणीला घेऊन पायपर साराटोगा या छोट्या विमानाने मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. घरातलं लग्न होतं, निघायला उशीर झाला, अंधार पडला, समुद्रावर धुरकं होतं. त्यांच्याकडे आयआर नव्हतं. तिथल्या नियमाने रात्री व्हीएफआर उडायला मुभा होती, त्यामुळे कायद्याने त्यांचं काही चुकलं नव्हतं. विमान समुद्रात कोसळलं आणि तिघंही गेले. दिशाभ्रम, असं चौकशीत निष्पन्न झालं. आपल्याकडे व्हीएफआर उड्डाण सूर्यास्ताच्या आसपास संपवावं लागतं, ही बंदी अनेकांना जाच वाटते. मला ती आपल्या किनाऱ्यासाठी शहाणपणाची वाटते.

आणि उलट बाजूचं उदाहरणही डोळ्यांसमोर असू द्या. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं आणि नऊ जण गेले. त्या वैमानिकाकडे आयआर होतं, अनुभवही भरपूर होता. पण ते उड्डाण व्हीएफआरचं होतं, ढग खाली आले आणि तो त्यांतून वर निघायला गेला. तिथेही निष्कर्ष दिशाभ्रमाचाच. खिशात रेटिंग असूनही, ते वापरायची तयारी जमिनीवरून करून न निघाल्याने काय होतं, ते यात दिसतं. क्लबातला तो सल्ला मला इतका का खटकला, ते आता कळेल.

मैत्रिणीच्या टॅब्लेटबद्दल. टॅब्लेट तुम्ही कुठे आहात ते फार सुंदर सांगतो. तुमचे पंख किती कललेत ते नकाशावरून कळत नाही, आणि ढगात जीव त्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतो. ऑटोपायलट उत्तम गोष्ट आहे. असेल तर जरूर वापरायला शिका. पण भाड्याच्या जुन्या १७२ मध्ये तो असेलच असं नाही, आणि असला तरी तो बंद पडल्यावर विमान तुमच्याच हातात येणार. जुन्या विमानांत कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, व्हॅक्यूम पंपावर चालतं. पंप गेला की ते एकदम मरत नाही, हळूहळू एका बाजूला झुकत जातं, आणि शिक्षण नसलेला माणूस त्याच्यासोबत झुकत जातो. उरलेल्या उपकरणांशी ताडून 'हे खोटं बोलतंय' असं ओळखणं, त्यावर कागद चिकटवून ते झाकणं आणि टर्न कोऑर्डिनेटर (वळणाचा दर दाखवणारं उपकरण), वेग, उंची यांवर विमान सरळ ठेवणं, याला पार्शल पॅनेल म्हणतात. माझ्या दृष्टीने आयआर शिक्षणाचा गाभा तिथे आहे.

आता कसं करायचं. पात्रतेसाठी कमांडमधलं, म्हणजे स्वतः मुख्य वैमानिक असतानाचं, क्रॉसकंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं) उड्डाण ५० तास आणि इन्स्ट्रुमेंटचे ४० तास लागतात. या ४० पैकी जास्तीत जास्त २० तास जमिनीवरच्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. घरातल्या संगणकावरचा खेळ लॉगबुकात धरला जात नाही, पण होल्डमध्ये (थांबून राहण्यासाठी मारायच्या ठरलेल्या चकरांत) कसं शिरायचं, व्हीओआरची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची) सुई कुठल्या बाजूला पळते, हे डोक्यात बसवायला तो चांगला. तेवढ्यापुरता वापरा. रेडिओचा परवाना चालू स्थितीत आहे ना, तेही बघून घ्या.

सुरुवातीचे तास कंटाळवाणे वाटतील, आणि तेच सर्वांत मोलाचे आहेत. डोळ्यांवर हूड, म्हणजे बाहेरचं दिसू न देणारी झडप, समोर सहा उपकरणं: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, टर्न कोऑर्डिनेटर, दिशा, चढ-उताराचा दर. सरळ उडा. वळा, सेकंदाला ३ अंश, म्हणजे पूर्ण चक्कर दोन मिनिटांत. चढा, उतरा, पुन्हा सरळ. नजर एका ठिकाणी खिळली की दुसरं निसटतं. तुम्हांला एक सोय आहे जी इतरांना नाही: वरच्या दाढेवर काम करताना तुम्ही आरशात उलटं बघता आणि हात बरोबर चालवता. ते पहिल्या वर्षी किती अवघड गेलं असेल आणि आता कसं नकळत होतं, ते आठवा. उपकरणांची नजरफेर तशीच बसते, आणि ती बसायला तेवढाच संयम लागतो.

हाताला विमान बसल्यावर मग व्हीओआर, होल्डिंग, ऍप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत येणं). होल्डमध्ये सरळ तुकडा एक मिनिटाचा, वळणं उजवीकडची. वारा मध्ये येतो आणि ते मिनिट बिघडवतो. आयएलएस (धावपट्टीची रेघ आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा) ऍप्रोचवर तुम्ही ३ अंशांच्या उतारावरून खाली येता. ९० नॉटला हा दर मिनिटाला जेमतेम पाचशे फुटांच्या आत असतो. कॅटेगरी एकच्या आयएलएसवर धावपट्टीपासून २०० फूट उंचीवर निर्णय: धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरा, नाही तर पूर्ण शक्ती देऊन वर. त्या दराने ते २०० फूट म्हणजे पंचवीसेक सेकंद. 'अजून थोडं खाली बघू' या वाक्याला तिथे जागा नाही. माझा आग्रह आहे की पहिल्या वर्षी स्वतःसाठी यापेक्षा खूप सैल मर्यादा ठेवा. ढगांचा तळ हजार फुटांखाली असेल तर निघूच नका. मर्यादा कागदावर लिहून विमानात लावा, म्हणजे वर असताना मन वाटाघाटी करणार नाही.

हूडखाली चाळीस तास काढूनही खरा ढग वेगळा असतो. हूडच्या कडेने उजेड येतो, सावली फिरते, आणि शरीर ते चोरून वापरतं. म्हणून प्रशिक्षकाला आधीच विचारा: मला खऱ्या ढगात नेणार का? जे नेहमी टाळतात त्यांच्याकडे शिकू नका. आणि तोच प्रशिक्षक एखाद्या दिवशी रडारचं चित्र बघून 'आज नको' म्हणतो का, तेही बघा. मला दोन्ही गुण एकाच माणसात हवेत. पणजीत आल्तिनोवरच्या वेधशाळेची डॉप्लर रडारची चित्रं आणि दाबोळीचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) रोज सकाळी वाचायची सवय आतापासूनच लावून घ्या, उडायचं नसलं तरी. मेटारमध्ये काय लिहिलंय आणि दवाखान्याच्या खिडकीतून काय दिसतंय, हे महिनाभर ताडून बघितलंत तर हवामानाचा पेपर अर्धा झाला.

गोव्यातच शिकता येईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी तरी विचारेलच. दाबोळीची धावपट्टी आयएनएस हंसाची, म्हणजे नौदलाची. तिथे लढाऊ विमानांचा सराव आधी. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, पण तो प्रवासी कंपन्यांच्या वेळापत्रकावर धावतो. या दोन्हीकडे एका छोट्या विमानाने पुन्हा पुन्हा ऍप्रोचचा सराव करायचा, तर त्यावर विसंबून शिक्षणाचा आराखडा बांधता येत नाही. घाटापलीकडेच जा. बेळगाव फोंड्याहून गाडीने आटोक्यातलं आहे. बारामतीला किंवा खानदेशात धुळ्याच्या बाजूला गेलात तर पावसाच्या छायेतले, जास्त कोरडे दिवस मिळतील, पण दवाखाना बंद ठेवावा लागेल.

इथेच खरा प्रश्न आहे, आणि तो तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला: 'महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी.' या गतीने आयआर होणार नाही. दोन आठवड्यांनी परत बसलात की पहिला तास मागचं आठवण्यात जातो. शिकताना आठवड्यातून निदान तीनदा उडायला हवं. चवथीनंतर पाऊस ओसरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सुट्ट्यांचे दोन-तीन सलग तुकडे काढा, दवाखान्यात एखाद्या सहकाऱ्याला बसवा आणि तास एकत्र करा. मध्ये मध्ये सिम्युलेटर. मग जुलैत, मोसम स्थिरावल्यावर, प्रशिक्षकासोबत पठारावरच्या थरांच्या ढगांत काही तास मिळवता आले तर सोन्याहून पिवळं. घाटाच्या कड्यावर मात्र तेव्हाही नको.

रेटिंग मिळालं की खर्च संपला, असंही नाही. आपल्याकडे आयआर १२ महिन्यांचं. दरवर्षी तपासणीचं उड्डाण द्यावं लागतं. पण वर्षातून एकदा चेक दिला म्हणून मध्येच एखाद्या दिवशी ढगात जायला तुम्ही तयार असालच असं नाही. अमेरिकेच्या नियमात आयआर वापरायचं तर मागच्या सहा महिन्यांत सहा ऍप्रोच, होल्डिंग आणि मार्ग पकडण्याचा सराव झालेला असावा लागतो. तुमच्यावर तो नियम लागू नाही, तरी किमान म्हणून तोच धरा. म्हणजे दर महिन्याला एक ऍप्रोच, हूड लावून, शेजारी कोणी पात्र माणूस बसवून. विमानाच्या तासाचा दर तुम्हांला माहीत आहे. त्याला बाराने गुणा, चेकचे तास मिळवा, आणि तो आकडा पुढची पाच वर्षं घरखर्चाला न खुपता निघतो का ते बघा. निघत असेल तर लगेच नाव घाला.

निघत नसेल तर दुसरा मार्ग. इलिनॉयचा तो प्रयोग आठवा. दहा तास प्रशिक्षकासोबत फक्त हूडखाली उडा: सरळ, अर्धं वळण, उतार, वेड्यावाकड्या स्थितीतून सावरणं, एखादं उपकरण झाकून तेच सगळं. मग दर तीन महिन्यांनी त्यातला एक तास उजळा. यातून ढगात जायचा परवाना मिळणार नाही. ढगात चुकून सापडलात तर जिवंत बाहेर यायची शक्यता मात्र पुष्कळ वाढेल. रेटिंग घेऊन वर्षभर न उडणाऱ्या वैमानिकापेक्षा हे दहा तास ताजे ठेवणारी वैमानिक मला विमानात शेजारी बसायला जास्त आवडेल.

एका इंजिनाचंही स्पष्ट बोलतो. आयआर असलं तरी सेसनाचं इंजिन एकच. घाटावर ढगात ते थांबलं तर खाली उतरायची जागा बघायला डोळे नाहीत, आणि जिथे उतराल तिथे रान आहे. रात्री तर तेच दुप्पट. हे माझं मत आहे, नियम नाही: एका इंजिनावर सह्याद्री ढगातून किंवा रात्री ओलांडू नये. ढगांचा पातळ थर पठारावर आहे, वर ऊन आहे, खाली तळ दीड-दोन हजार फुटांवर आहे, अशा दिवसासाठी आयआर वापरा. वर्षात असे दिवस पुष्कळ निघतात, आणि व्हीएफआरवाले तेव्हा चहा पीत क्लबात बसलेले असतात.

आता घरचं. 'एअरलाइनमध्ये जायचं नाही, मग कशाला' हा नवऱ्याचा प्रश्न मला वाजवी वाटतो. त्यांना चुकीचं ठरवू नका. एअरलाइनचा वैमानिक दोन इंजिनांच्या विमानात, दोघांच्या जोडीने, कंपनीच्या देखरेखीखाली उडतो. तुम्ही एकट्या उडता, म्हणून शिक्षणाची गरज तुम्हांला त्याच्यापेक्षा कमी नाही. हे त्यांना सांगून पटणार नाही. एक दिवस सिम्युलेटरवर घेऊन जा. प्रशिक्षकाला सांगून त्यांना खुर्चीत बसवा, पडदा राखाडी करायला लावा आणि पाच मिनिटं विमान सरळ ठेवायला सांगा. नंतर पैशांची गोष्ट काढा. आणि त्यांच्याकडून एक वचन घ्या: तुम्ही उडायला गेलेल्या दिवशी 'कितीला पोचतेस?' असा फोन घरातून येणार नाही. जेवणाला पाहुणे, मुलांची शाळा, दुसऱ्या दिवशीचे पेशंट, यांतलं काहीही तुमच्या परतीच्या वेळेला बांधलेलं नसावं. व्हिनयार्डच्या त्या उड्डाणात घरचं लग्न होतं, हे मी उगाच सांगितलं नाही.

शेवटी एक गोष्ट जी तुमच्या धंद्यामुळे आधी करायला हवी. खासगी परवान्यासाठी तुमची वैद्यकीय तपासणी द्वितीय श्रेणीची झाली असेल. खासगी वैमानिकाला आयआर घ्यायचं तर श्रवणशक्ती मात्र प्रथम श्रेणीच्या निकषावर उतरावी लागते, असा आंतरराष्ट्रीय मानक आहे, कारण ढगात नियंत्रकाचा आवाज हाच तुमचा बाहेरच्या जगाशी धागा असतो. तुमच्या कानाशी इतकी वर्षं दात कोरायचं एअर टर्बाइन किंचाळतंय. उंच पट्टीतलं ऐकणं नकळत कमी झालेलं असू शकतं. या आठवड्यातच मडगाव किंवा पणजीला जाऊन ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. अहवाल घेऊन विमान वैद्यकीय परीक्षकाकडे जा, त्यांचा होकार मिळवा. क्लबात आगाऊ पैसे त्यानंतर भरा, आणि आजपासून दवाखान्यात काम करताना इअरप्लग घाला.